गुड मॉर्निंग, पण कुठल्या सालातलं?

रेल्वे मॉडेल करणाऱ्या लोकांच्या इंटरनेटवरच्या सकाळच्या गप्पा हा एक अजब प्रकार आहे, कारण त्यात सकाळ कधी संपतच नाही. पहिलं गुड मॉर्निंग न्यूझीलंडमधून येतं, तेव्हा कॅलिफोर्नियावाल्याकडे आदल्या दिवसाची दुपार चालू असते. मग ऑस्ट्रेलिया उठतं, मग जपान, मग मधली आम्ही मंडळी, मग जर्मनी, मग इंग्लंड, आणि अमेरिका उठेपर्यंत न्यूझीलंडवाला झोपायला गेलेला असतो, जाताना 'आज पॉइंटची (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्याची) मोटर बसवली, उद्या वायरिंग' एवढं लिहून. त्यावर त्याची रात्रभर आणि आमचा दिवसभर चर्चा होते, आणि तो उठतो तेव्हा वायरिंग कसं करावं, कसं करू नये आणि मुळात ती मोटर घ्यायलाच नको होती अशी सगळी मतं त्याच्यासाठी तयार असतात.

बरं विषय काय, तर मोठं काहीच नाही. काल रात्री काय केलं एवढंच. कोणी प्लॅटफॉर्मची कड रंगवली, कोणी सिग्नल केबिनच्या तीन खिडक्यांना काच लावली आणि चौथी हातातून उडून गालिच्यात गेली ती अजून सापडत नाहीये, कोणी बॅलास्ट टाकला. बॅलास्ट टाकला म्हणजे रुळांमधे बारीक खडी ब्रशने नीट पसरायची, त्यावर पाण्याचा फवारा मारायचा आणि मग पातळ केलेला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडायचा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा म्हणजे गोंद खडीवर मोत्यासारखा न थांबता आत उतरतो. हा थेंबाचा सल्ला मी इतक्या वेळा वाचलाय की आता तो कोणत्याही देशातून आला तरी ओळखीचा नातेवाईक आल्यासारखं वाटतं.

हवामानावरही बोलणं होतं, पण ते टाइमपास म्हणून नाही. ऑस्ट्रेलियावाल्याचा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांसकट मांडलेली छोटी रेल्वे, मागच्या शेडमधे, तिथे उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात आणि जोडाजवळ फट ठेवली नसेल तर सरळ लाइन सापासारखी वाकते. त्याच आठवड्यात कॅनडावाला सांगतो की तळघरात हीटर सुरू झाला, हवा कोरडी झाली, रुळाखालच्या बेसबोर्डचं लाकूड आक्रसलं आणि रुळाच्या फटी मिटून गेल्या. म्हणजे एकाकडे उष्णतेने, दुसऱ्याकडे थंडीने, आणि दोघांच्याही गाड्या रुळावरून खाली. दोघं एकमेकांना सांत्वन देतात, खरंतर एकमेकांच्या उलट्या कारणासाठी.

गंमत म्हणजे ही फिरती सकाळ मुळात रेल्वेनेच बनवलेली आहे. आधी प्रत्येक गावाचं घड्याळ आपापल्या सूर्यावर चालायचं, कोणाचं काही बिघडत नव्हतं. गाड्या आल्या आणि टाइमटेबल छापायची वेळ आली तेव्हा गोंधळ झाला. इंग्लंडमधे ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मधे आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली, आणि अमेरिकेत १८ नोव्हेंबर १८८३ ला रेल्वे कंपन्यांनी मिळून टाइम झोन लागू केले, सरकारला न विचारता, त्यामुळे कित्येक गावात त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. अमेरिकेच्या संसदेने त्याचा कायदा केला तो थेट १९१८ मधे, म्हणजे पस्तीस वर्षं देश रेल्वेच्या शब्दावर जेवत झोपत होता. त्यामुळे आम्ही जे रोज 'तुझ्याकडे किती वाजले' विचारतो ना, तो प्रश्न रेल्वेवाल्यांना शोभतोच.

पण तास जुळत नाहीत हे काहीच नाही, आमची सालं जुळत नाहीत. प्रत्येक लेआउटचं एक साल असतं. इंग्लंडवाला १९५४ मधे राहतो, जर्मन माणूस 'इपॉक थ्री' म्हणतो म्हणजे साधारण महायुद्धानंतरपासून १९७० पर्यंत, अमेरिकन मंडळींना पन्नासच्या दशकातला तो काळ आवडतो जेव्हा स्टीम इंजिन आणि डिझेल शेजारीशेजारी उभी असायची (दोन्ही विकत घ्यायला कारण मिळतं, हे ते सांगत नाहीत पण सगळ्यांना माहितीये). साल ठरलं की मग सगळं त्या सालाचं पाहिजे, डब्यांचा रंग, रस्त्यावरच्या गाड्या, भिंतीवरच्या जाहिराती, बायकांचे फ्रॉक.

आणि इथे भांडणं होतात. एकाने सकाळी सकाळी फोटो टाकला, सुंदर टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं), धूळ काजळी अगदी बरोबर बसलेली, नवीन माणसाला वाटेल आता कौतुक होणार. पहिलीच कमेंट, टाकीवरचा सिंह चुकीचा आहे. झालं. इंग्लंडच्या रेल्वे कंपन्या १९४८ मधे सरकारी होऊन ब्रिटिश रेल्वेज झाली, त्यानंतर जे चिन्ह आलं त्यात चाकावर चढलेला सिंह होता, त्याला लोक सायकलवरचा सिंह म्हणतात, आणि १९५६ मधे नवीन चिन्ह आलं, त्यात मुकुटातून वर आलेला सिंह हातात चाक धरून उभा. तुझं साल १९५४, तुझ्या इंजिनावर १९५६ चा सिंह, म्हणजे तुझं इंजिन दोन वर्षं भविष्यातून आलंय. हे चिन्ह मॉडेलवर जेमतेम माझ्या नखाएवढं असतं. पण मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, कारण ज्याला नखाएवढा सिंह दिसतो त्यालाच ती गाडी खरी दिसते, बाकीच्यांना खेळणं दिसतं. शेवटी मालक नियम नंबर एक सांगतो, लेआउट माझा आहे, आणि विषय मिटतो. हा नियम सगळ्या जगात एकच आहे आणि तो वापरायला कोणालाच लाज वाटत नाही.

साल झालं, मग घड्याळ. खोलीत किती अंतर मावणार? एचओ स्केलमधे म्हणजे १:८७ मधे एक किलोमीटर साडेअकरा मीटरचं होतं. म्हणजे एवढ्या मोठ्या हॉलमधे तुम्ही दोन स्टेशनं टाकली तरी त्यांच्यात धड एक किलोमीटरही नाही, गाडी निघाली की पोचलीच. म्हणून टाइमटेबलने गाड्या चालवणारे लोक पळतं घड्याळ लावतात, खऱ्या एका तासात त्यांचे चार तास, कोणाकडे सहा, कोणाकडे जास्त. अशी माणसं शनिवारी मित्रांना बोलावून संध्याकाळभरात पूर्ण एक दिवस चालवून टाकतात, आणि मग रविवारच्या गप्पांमधे सांगतात की काल पहाटे चारची मालगाडी लेट झाली. पहाटे चार म्हणजे त्यांचे जेवणाच्या आधीचे. हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलँडमधे तर, दोन जुळ्या भावांनी २००१ मधे एका जुन्या गोदामात सुरू केलेलं, दर थोड्या मिनिटांनी सगळ्या देशाची रात्र होते, दिवे लागतात, परत पहाट. तिथे काम करणाऱ्या माणसाला आपण गुड मॉर्निंग कधी म्हणायचं हा प्रश्नच आहे.

वेळ जुळत नाही, साल जुळत नाही, आणि मापं? ती तर अजिबातच नाही. ब्रिटिशांचा ओओ स्केल १:७६ आणि रूळ मात्र १:८७ वाल्यांचे, दोन रुळांमधे १६.५ मिलीमीटर अंतर. कारण जुनं आहे, ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक, त्या काळच्या मोटरी आत मावेनात, म्हणून इंजिन थोडं फुगवलं आणि रूळ तसेच ठेवले. त्यामुळे आजतागायत ओओची गाडी जरा अरुंद रुळावर उभी असते. खऱ्या मापाने ते रूळ १८.८३ मिलीमीटर पाहिजेत, आणि तेवढ्या दोन सव्वादोन मिलीमीटरसाठी काही लोक सगळे रूळ हाताने बनवतात, सगळी चाकं बदलतात आणि वर्षानुवर्षं एका छोट्या स्टेशनावर काम करत बसतात, समाधानाने. जपान्यांचं अजून मजेशीर, एन गेज नावाच्या अजून छोट्या मापात रुळांमधलं अंतर ९ मिलीमीटर, त्यावर साध्या गाड्या १:१५० आणि शिंकान्सेन १:१६०, कारण खऱ्या आयुष्यात त्यांचे रूळ वेगळे, साधे १०६७ मिलीमीटरचे आणि शिंकान्सेनचे १४३५ चे. एकाच टेबलावर दोन स्केल शेजारून जातात. यावर जपानी मित्र कधी वाद घालताना मी पाहिला नाही, तो नुसता व्हिडिओ टाकतो आणि त्यात गाडी इतकी गुळगुळीत चालते की वाद घालायचा असेल त्यानेही गप्प बसावं.

वजनाचं कोणी फारसं बोलत नाही पण मला तेच सगळ्यात नवल वाटतं. लांबी ८७ पट कमी झाली तर आकारमान ८७ चा घन इतक्या पट कमी होतं, म्हणजे साडेसहा लाखाच्या वर. त्या हिशोबाने १०० टनाचं इंजिन १५० ग्रॅमचं झालं पाहिजे. तेवढ्या वजनाचं इंजिन चार डबे ओढताना जागेवर चाकं फिरवत बसेल, म्हणून आत मुद्दाम वजन भरतात. म्हणजे दिसायला लहान करायचं आणि चालायला मात्र मापापेक्षा जड करायचं, या छंदात सगळीकडे हीच लबाडी आहे, वळणंही अशीच, आपल्या टेबलावरचं वळण खऱ्या मापात मोठं केलं तर त्यावर एक्सप्रेस कोणी नेणार नाही.

मग सगळ्यांचं सारखं काय? मळ. रुळांवरचा काळा मळ. सगळ्या देशात, सगळ्या सालात, सगळ्या मापात. वीज रुळातून चाकात जाते, मधे बारीक ठिणग्या उडतात, त्याने ऑक्साइड आणि धूळ आणि तेल मिळून एक काळा थर बनतो आणि गाडी अडखळते. खऱ्या रेल्वेत स्टीम इंजिनाला रुळातून वीज लागत नाही त्यामुळे १९५४ मधल्या माणसाला हा त्रास व्हायला नको होता पण होतो. आणि मळ कशाने काढायचा यावर जेवढ्या सकाळी गेल्यात तेवढ्या कशावरच नाही. एक पक्ष आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, कापडाला लावा आणि पुसा, संपलं. दुसरा पक्ष म्हणतो अल्कोहोल पोलर आहे (म्हणजे त्याच्या रेणूच्या टोकांना थोडा विद्युतभार असतो), त्यानेच मळ परत लवकर जमतो, नॉन-पोलर सॉल्व्हंट वापरा. तिसरा खरखरीत रबराने घासणारा, त्याला बाकीचे सगळे ओरडतात की बारीक चरे पडतात आणि त्यात मळ अजून बसतो. चौथा मऊ ग्राफाइटची पेन्सिल रुळाच्या आतल्या कडेवर हलकी फिरवतो आणि अध्यात्मिक माणसासारखा शांत असतो. आणि पाचवा, माझ्या मते यातला खरा शहाणा, म्हणतो की गाड्या रोज चालवा, मळ कमी होईल. याला कोणी उत्तर देत नाही. रोज चालवायला लेआउट पूर्ण पाहिजे ना.

पूर्ण कोणाचाच नसतो. रॉड स्टुअर्ट, तोच गाणारा, त्याने १९४० च्या दशकातलं अमेरिकन शहर बांधलं, वीसच्या वर वर्षं लागली, दौऱ्यावर असताना हॉटेलात मॉडेलच्या कामासाठी जादा खोली घ्यायचा, आणि २०१९ मधे जगाला दाखवलं तेव्हा लोकांना वाटलं त्याने पैसे देऊन कोणाकडून करून घेतलं असणार. तो चिडला म्हणे. चिडणारच, स्टेडियम भरलं यापेक्षा त्या इमारतींच्या खिडक्या स्वतः बसवल्या हे त्याला जास्त सांगावंसं वाटत असणार, निदान आमच्यातल्या कोणालाही तसंच वाटलं असतं. आणि कॅलिफोर्नियाच्या जॉन ॲलनचा लेआउट, ज्याने गंजलेलं मळलेलं जुनाट जग कसं दाखवायचं हे अख्ख्या छंदाला शिकवलं, तो १९७३ मधे ॲलन गेल्यावर काही दिवसातच आगीत जळाला. राहिले ते फोटो. म्हणून कोणी 'अजून अर्धवट आहे, झालं की फोटो टाकतो' म्हणालं की जुनी माणसं लगेच म्हणतात, आत्ता टाक.

मधे एक नवीन मुलगा आला, जागा नाही म्हणाला, एक फळी आहे फक्त, दीड मीटरचीही नाही. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, इंगलनुक कर. ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश माणसाची ही रचना, दोन पॉइंट, तीन सायडिंग (गाड्या उभ्या करायचे बाजूचे रूळ), एकात पाच वाघिणी मावतात, बाकीच्या दोनात तीन तीन, आणि इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढा एक शेपटीसारखा रूळ. आठ वाघिणी, त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढून येतील त्या क्रमाने लावायच्या. बस एवढंच. पण क्रम निघू शकतात ६,७२०, त्यामुळे खेळ काही लवकर संपत नाही.

त्याने बनवला. आता तो रोज सकाळी कामावर जायच्या आधी चिठ्ठ्या काढतो आणि वाघिणींचा क्रम टाकतो, आणि मग न्यूझीलंडपासून सुरुवात होते, कमीत कमी किती चालींत होईल यावर. जर्मन माणूस कागदावर सोडवून आकृतीसकट पाठवतो. इंग्लंडवाला सांगतो की १९५४ मधे असं शंटिंग कोणी केलंच नसतं, ब्रेक व्हॅन (मालगाडीच्या शेवटचा गार्डचा डबा) कुठाय. अमेरिकन विचारतो ब्रेक व्हॅन म्हणजे कबूस का, त्यावर वेगळं भांडण सुरू होतं, आणि तो मुलगा तोपर्यंत ऑफिसात पोचलेला असतो आणि तिकडून विचारतो की तिसरी वाघीण आधी बाहेर काढली तर दोन चाली वाचतील का. आज सकाळी मी हो म्हणालो. जपानी मित्र नाही म्हणतोय.