बुडाखालची टाकी

मध्यंतरी एका दुपारी कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर आले तर शेजाऱ्याच्या दारात एक सीट एकटीच ऊन खात पडली होती. जुन्या ट्रकची, बाकासारखी लांबलचक, एका टोकाला फाटून काथ्या बाहेर आलेली. तिच्या पलीकडे, ट्रकच्या उघड्या दारातून शेजाऱ्याचे दोन पाय तेवढे दिसत होते.

आमचं गाव ओहायोतलं, कोलंबसजवळचं. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मिठाचा मारा असतो, त्यामुळे जुनी गाडी धड राहिलेली दिसली की लोक थांबून बघतात. शेजाऱ्याची ही शेवरोलेची सी-टेन पिकअप, १९७१ सालची, त्याच्या वडिलांची. तो निवृत्त झाल्यापासून तिचं काहीतरी उघडून बसलेला असतो आणि मला कपडे वाळत घालण्याइतपत निमित्त पुरतं. वाळत घालायचे कपडे इथे नसतात, म्हणून कचऱ्याचा डबा.

"काय काढतोयस?" मी विचारलं.

"टाकी," तो आतून म्हणाला.

मला वाटलं, टाकी काढायला हा गाडीच्या आत कशाला शिरलाय? तेव्हा त्याने बाजूला होऊन दाखवलं. सीट होती त्याच्या मागे, केबिनच्या मागच्या पत्र्याला लागून, आजीच्या धान्याच्या कोठीसारखी एक उभी पत्र्याची टाकी. सुमारे वीस गॅलनची. म्हणजे पंचाहत्तर लिटर पेट्रोल पाठीशी घेऊन ही माणसं गाडी हाकायची. बाप, आई आणि मध्ये पोर, तिघांच्या पाठीला एकच टाकी. भरायचं तोंड ड्रायव्हरच्या दाराच्या मागे, बाहेरून. त्या काळच्या फोर्डच्या ट्रकांतही असंच असायचं म्हणे.

"वास नाही यायचा?"

"वास आला की वडील काच खाली करायचे."

नळीभोवतीचं रबर तडकलं होतं. वळणावर टाकी डुचमळली की केबिनभर पेट्रोल दरवळायचं. त्याच्या बायकोने शेवटी सांगितलं, एक तर टाकी बाहेर जाईल नाही तर मी बसणार नाही. म्हणून हा घाट. नवी टाकी मागे, हौद्याच्या खाली, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध, मागच्या आसाच्याही पलीकडे बसवायची. हे काम करणारे पुष्कळ आहेत, त्यासाठी तयार टाक्या मिळतात. फक्त तिथे आधीपासून स्टेपनी टांगलेली असते. म्हणजे टाकीला घर मिळालं आणि स्टेपनी रस्त्यावर आली. आमच्या घरी फ्रिज हलवला तेव्हा असंच झालं होतं. फ्रिजच्या जागी कपाट, कपाटाच्या जागी शिवणयंत्र, आणि शिवणयंत्र अजून माझ्या पलंगाशी उभं आहे.

इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी कुणी 'गॅस भरून येतो' म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे लाल सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूसच येतो. आमचा सिलिंडर ओट्याखाली, फुलाफुलांच्या पडद्याआड. नवीन लावला की आई नळीच्या टोकाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायची, आणि मग त्याच सिलिंडरला टेकून पाटावर भाजी चिरत बसायची. ते टेकणं मात्र तिला धोक्याचं वाटायचं नाही. शेजाऱ्याच्या वडिलांना तरी मी काय हसू?

आणि मामाची जीप तर त्याच्याही वरची.

मामाचं गाव माळशिरस तालुक्यात. त्याच्याकडे लढाईतली जीप होती, लष्कराच्या डिस्पोजलमध्ये निघालेली, दोन-तीन मालकांच्या हातून त्याच्याकडे आलेली. स्टिअरिंगचं चाक डावीकडे. विलिसच्या त्या लष्करी जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, अगदी बुडाखाली. बाहेरून भरायची सोयच नाही. पंपावर गेलं की ड्रायव्हरने खाली उतरायचं, गादी उचलायची, तेव्हा टाकीचं झाकण दिसणार. पंपावरचा पोऱ्या नवा असला की गाडीभोवती दोन फेऱ्या मारायचा, तोंड शोधत. मामा त्याला मुद्दाम सांगायचा नाही.

जीपचा पेट्रोलचा काटा मी बघितला तेव्हापासून मेलेला. त्यावर मामाचा उपाय म्हणजे कळकाची एक काडी, हातभर लांब, चाकूने खाचा पाडलेली. कुठे निघायचं असलं की तो गादी उभी करायचा, झाकण फिरवायचा. हवा सुटल्याचा बारीक आवाज यायचा आणि मग तो वास. काडी तळाला टेकेपर्यंत सोडायची, सरळ वर काढायची. पण पेट्रोलच ते, ओल कितीशी टिकणार? उन्हाळ्यात तर काडी बाहेर येते न येते तोच वरच्या बाजूने सुकत यायची. तो काळपट ओला पट्टा डोळ्यांदेखत खाली खाली सरकायचा. म्हणून माझी नेमणूक. काडी वर आली रे आली की ओल संपते तिथे अंगठ्याचं नख रुतवायचं.

"बोट ठेव गं, उडंल ते!" मामा ओरडायचा.

मी ठेवायचे. नखाशी गार लागायचं. मग खाचा मोजायच्या: एक, दोन, अडीच. अडीच खाचांत अकलूज जाऊन-येऊन व्हायचं. पंढरपूरला चार लागायच्या. एकदा मी शिंकले आणि नख चुकलं, तेव्हा परत काडी घालू न देता मामा म्हणाला, "असंल तीनेक." त्या दिवशी आम्ही वेळापूरच्या अलीकडे ऊस भरलेल्या गाडीच्या मागून चालत आलो.

एवढं सगळं झाल्यावर मामा गादी टाकायचा, तिच्यावर बसायचा आणि विडी पेटवायचा. आजी ओसरीवरून म्हणायची, "बुडाखाली जाळ घेऊन हिंडतंय बघा माझं लेकरू." लेकरू तेव्हा पंचेचाळीसचं होतं.

टाकी अर्ध्याखाली गेली की माझा जीव वरखाली होतो, तो या शिंकेपासून. नवऱ्याचं उलटं. काट्याशेजारचा पिवळा दिवा लागला म्हणजे आता प्रवासाला सुरुवात झाली, असं त्याला वाटतं. त्याची जडणघडण बजाज चेतकवर झालेली. पेट्रोल संपलं, रिझर्व्हही संपलं, तरी स्कूटर आडवी करून पुन्हा किक मारली की दोन किलोमीटर निघतात, हा त्याचा धर्म. आमची इथली गाडी आडवी करता येत नाही हे त्याला अजून पटलेलं नाही.

हे सगळं मी शेजाऱ्याला सांगितलं. विडीपाशी तो खूप हसला. मग त्याने फोर्ड मॉडेल टीचं काढलं. तिचीही टाकी सीटखाली, आणि पेट्रोल पंपाविना, नुसतं उतारानेच इंजिनापर्यंत जायचं. टाकीत थोडं असलं आणि चढ उभा लागला की पुढचं इंजिन टाकीपेक्षा उंच व्हायचं आणि गाडी बंद. मग लोक गाडी फिरवून चढ उलटा, रिव्हर्समध्ये चढायचे. दिवेघाटात अशी गाडी पुढ्यात आली असती तर मामाने काय म्हटलं असतं ते लिहिता येण्यासारखं नाही.

"पण मग कंपनीनेच नंतर टाकी बाहेर काढली असेल ना?" मी विचारलं.

"काढली," तो म्हणाला. हातातला पाना त्याने खाली ठेवला.

१९७३ला नवा ट्रक आला तेव्हा टाकी केबिनमधून गेली, पण चासीच्या पट्ट्यांच्या बाहेर, बाजूला. ट्रकच्या कुशीवर दुसरी गाडी येऊन आदळली की पहिला मार टाकीला. १९८७पर्यंत ते ट्रक तसेच निघत राहिले आणि माणसं जळून मेली. १९९२मध्ये एका मोठ्या वाहिनीने टाकी पेटताना दाखवली, पण ठिणगी हमखास पडावी म्हणून ट्रकखाली खेळण्यातल्या रॉकेटची इंजिनं बांधली होती. ते उघडकीला आलं आणि १९९३मध्ये वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. खऱ्या आगीबद्दल बोलताना खोटी आग लावायची काय गरज होती, हा माझा तेव्हापासूनचा राग. १९९४च्या अखेरीस सरकार आणि कंपनी यांच्यात समेट झाला. पाच कोटी दहा लाख डॉलर सुरक्षेच्या कार्यक्रमांना द्यायचे ठरले. ट्रक परत बोलावले गेले नाहीत. ज्याच्या दारात तो उभा होता त्याची टाकी होती तिथेच राहिली.

शेजाऱ्याचा चुलतभाऊ तसा ट्रक चालवायचा. त्याने एवढंच सांगितलं आणि पाना पुन्हा उचलला. पुढचं मी विचारलं नाही.

आठवड्याभराने टाकी बसली. केबिनमागचं भोक पत्र्याने बुजवलं. त्याचं वेल्डिंग करताना त्याने जुनी टाकी अंगणाच्या पार टोकाला, माझ्या कुंपणाशी नेऊन ठेवली होती हे मी मनात नोंदवून ठेवलंय. हौद्याच्या लाकडी फळीत नवं झाकण आलं. सीटच्या मागे आता एवढी जागा झालीय की त्याच्या बायकोने तिथे छत्री, घोंगडी आणि कुत्र्याचं भांडं ठेवलंय. स्टेपनी हौद्यात दोरीने बांधलेली आहे.

घोटाळा एकच झाला. टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचा निरोप काट्याला विजेच्या रोधातून मिळतो, आणि रोध मोजतात ओहममध्ये. जुन्या शेवरोलेच्या काट्याला शून्य ओहम म्हणजे रिकामी आणि नव्वद म्हणजे भरलेली. दुकानदाराने 'सगळ्याला चालतो' म्हणून दिलेला गोळा नेमका उलट्या बोलीचा, रिकाम्याला दोनशेचाळीस आणि भरलेल्याला तेहतीस. त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की काटा अर्ध्याच्याही खाली, आणि गाडी चालवावी तसतसा वर. हा माणूस परवा ऐंशी मैल गेला आणि टाकी जास्त भरली.

मी उत्साहाने कुंपणाजवळचा बांबू तोडला, सोलला, खाचा पाडून घेऊन गेले. हौद्यातलं झाकण उघडलं, काडी सोडली. वीतभर गेली आणि थांबली. नळीला मध्ये वळण आहे. दोघांनी फिरवून पाहिली, वाकवून पाहिली. काडी कोरडीच वर आली.

नवा गोळा मागवलाय, यायला वेळ आहे. तोवर त्याने डॅशबोर्डवर पेन्सिलीने मैल लिहायला सुरुवात केली आहे, आणि बायकोला बजावून ठेवलंय, काटा फुलकडे सरकायला लागला की पंप गाठायचा.