बुयीत द पेश : आधी मासा, मग भात

माशाच्या कालवणात भात कालवून जेवणाऱ्या माणसाला "आधी मासा संपव, भात नंतर" असं कुणी सांगितलं तर त्याची अर्धी भूक तिथेच मरते. स्पेनच्या इबिझा बेटावर आमच्या घरमालकीण आजींनी मला पहिल्याच दिवशी हे ऐकवलं.

बार्सिलोनाहून रात्रीच्या बोटीनं आम्ही दोघं ऑक्टोबरात गेलो होतो. पार्टीवाली गर्दी तोवर पांगलेली असते. इबिझा म्हटलं की आपल्याकडे डीजे आणि पहाटेपर्यंतचा धिंगाणा एवढंच माहीत. पण तिथल्या लहान लहान खाड्यांच्या कडेला अजून कोळ्यांच्या खोपी आहेत. आत होडी ठेवायची जागा आणि दारातून थेट पाण्यात उतरणारे लाकडी रूळ. घरमालक आजोबांचीही अशी एक खोप. मी मालवणचा, सबंध दुपार तिथेच बसलो. "हेच बघायचं होतं तर गावालाच गेलो असतो," बायको म्हणाली. संध्याकाळी मी आजींना गाठलं : मला बुयीत शिकवा.

बुयीत द पेश म्हणजे उकडलेला मासा. नाव ऐकून पथ्याचं जेवण वाटतं. मूळचं हे कोळ्यांचं खाणं : खडकातला काटेरी, विकला न जाणारा मासा, बटाटे आणि एक भांडं. आता तेच हॉटेलांत मिरवतं.

सकाळी आजोबांनी बाजारातून तीन मासे आणले. मेरोचा एक जाड तुकडा. हा आपल्या गोबऱ्याचा भाऊबंद. दुसरा गाल द संत पेरा, चपटा, कुशीवर काळा ठिपका. संत पीटरनं धरला तेव्हा अंगठा उमटला म्हणे. आणि तिसरी रोजा : लालभडक, डोकंच अर्धं, अंगभर काटे. आजोबांनी आधी कात्रीनं पाठीचे काटे उडवायला सांगितलं. मी म्हटलं, मासे काय आज साफ करतोय? दुसऱ्या मिनिटाला काटा बोटात. शिंगाळ्याचा काटा लहानपणी लागलाय मला, पण ही कळ थेट कोपरापर्यंत गेली. आजोबा एक अक्षर बोलले नाहीत. सोसवेल एवढ्या कडकडीत पाण्याचं पातेलं पुढे सरकवलं आणि हात त्यात बुडवला. या विषाला उष्णता सोसत नाही. अर्ध्या तासानं कळ ओसरली, लाज तशीच होती.

तर उजवा हात पातेल्यात आणि आजींनी डाव्या हाताला दिला बत्ता. आलीओली करायचं होतं. आल म्हणजे लसूण, ओली म्हणजे तेल, संपलं. अंडं नाही. लसूण-मीठ गंधासारखं वाटायचं आणि मग ऑलिव्ह तेल थेंब थेंब सोडत एकाच दिशेनं घोटत राहायचं. तेल सोडायचं काम बायकोकडे. तिची धार जरा सैल सुटली की माझं घोटणं कमी पडलं, यावर आमचं अजून एकमत नाही. मिश्रण फुटलं. वर तेल, खाली लसणीचा चोथा. आजींनी उकडलेल्या बटाट्याची एक फोड कुस्करून खलात टाकली, फुटलेलं त्यात चमच्या-चमच्यानं घातलं आणि पाच मिनिटांत ते लोण्यासारखं धरलं. "हे शेजारणीला सांगू नकोस," एवढंच म्हणाल्या.

पुढचं सोपं. तेलात कांदा, लसूण, हिरवी ढोबळी मिरची आणि टोमॅटो पार आळेपर्यंत परतायचा. बटाटे सुरीनं पूर्ण कापायचे नाहीत, सुरी अर्धी खुपसून तुकडा मोडायचा, म्हणजे कडा खरबरीत राहतात आणि रस्सा दाटतो. पाणी, केशर. बटाटे अर्धे शिजले की मेरो, मग रोजा, शेवटी गाल द संत पेरा. परातीत मासे-बटाटे काढले, आलीओलीत डावभर गरम रस्सा घालून सैल केलं आणि वरून ओतलं.

पहिला घास मला मिळमिळीतच लागला. ना तिखट, ना आमसूल. तिसऱ्या घासाला लसूण चढली आणि रोजाच्या गालाचं मांस तोंडात आलं, तेव्हा मी गप्प झालो.

भात अजून चुलीवर चढायचा होता. आर्रोस अ बांदा, म्हणजे वेगळा, बाजूला केलेला भात. पसरट लोखंडी तव्यात म्हाकुलाचे बारीक तुकडे परतले, त्यावर तांदूळ आणि तांदळाच्या तिप्पट तोच गाळलेला रस्सा. भाताचा थर बोटभर जाडीचासुद्धा नाही. माझा हात आपोआप कालथ्याकडे गेला. "हलवू नकोस!" आजी ओरडल्या. हलवला तर पिठूळ होतो आणि तळाला खरपुडी धरत नाही. अठरा मिनिटं मी नुसता बघत बसलो, बोट चोखत.

भात आला आणि रोजा, मेरो, गाल तिघंही त्यात होते, तुकडा एकही नव्हता. माशाची परात म्हणजे निमित्त, रस्सा भातासाठीच केलेला, हे तेव्हा कळलं. खरपुडीवरून आजी-आजोबांत जरा वाजलंही. ती आजोबांनी जिंकली.

त्यानंतर बार्सिलोनात दोनदा केलं. रोजाचे काटे आता कोळणीकडूनच उडवून घेतो. आलीओलीत बटाटा आधीच घालतो. भात मात्र दोन्ही वेळा हलवलाच.