सव्वा रुपया

सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा अजून सव्वा किलोच लागतो, पण देवापुढे सव्वा रुपया ठेवायची सोय राहिली नाही. ३० जून २०११ पासून चार आणे चलनातून बाद झाले आणि देवाचा सगळा हिशेब अकरा, एकवीस, एकावन्नवर गेला. आमच्या चाळीसगावच्या घरात चार आण्यांना पावली म्हणायचे. बायका एकमेकींना ‘देवी पावली हो’ म्हणाल्या की देवीने त्यांना चार आणे दिले, असंच मला बरीच वर्षं वाटायचं. एवढ्या मोठ्या देवीने चारच आणे का द्यावेत, हा प्रश्न तेवढा पडायचा.

हे आठवायला निमित्त झाला एक सिनेमा. मागच्या महिन्यात धाकट्या भावाकडे पुण्याला गेले होते. जेवणं झाल्यावर भाचीने ‘मिलियन्स’ लावला. २००४ चा, डॅनी बॉयलचा. त्याच्या आधीच माणसांवर धावून जाणाऱ्या विषाणूबाधितांचा सिनेमा काढलेला हा माणूस, आणि एकदम लहान मुलांच्या गोष्टीकडे वळलेला. पुढे चारच वर्षांनी मुंबईत येऊन त्याने ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ केला. त्यातही दोन भाऊ, आई गेलेली आणि पैसा. एकच गोष्ट त्याला दोनदा सांगावीशी वाटली की काय कोण जाणे.

तर इंग्लंडमधलं एक घर. आई नुकतीच वारली आहे. वडील दोन मुलांना घेऊन नव्या वसाहतीत राहायला आलेत. धाकट्या डेमियनने रुळांच्या कडेला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं घर केलंय. एक दिवस धडधडत गाडी जाते आणि त्या खोक्यांवर एक बॅग येऊन आदळते. आत दोन लाखांवर पौंड. (आपल्या ‘एलिझाबेथ एकादशी’तल्या पोरांना पंढरपुरात बांगड्या विकायला बसावं लागलं. इथे बॅगच येऊन पडते. श्रीमंत देश.) डेमियनला खात्रीच आहे, हे देवाने पाठवले. एवढे पैसे दुसऱ्या कुणाकडे असणार? हे ऐकून मी मोठ्याने हसले, तर भाचीने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. तिला पावलीची गोष्ट कुठे ठाऊक?

मोठा भाऊ अँथनी व्यवहारी. दुकानात गेला की चेहरा पाडून ‘आमची आई वारली’ म्हणतो आणि काही ना काही फुकट मिळवतो. प्रेक्षक म्हणून आपण हसतो, पण मला तो पोरगा लबाड नाही वाटला. तो ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून सवय करून घेत असावा. डेमियनची तऱ्हा वेगळी. त्याला संत दिसतात. असिसीची क्लेअर त्याच्या खोक्यात बसून सिगरेट ओढते. आणि जो संत भेटेल त्याला हा पोरगा एकच विचारतो, तिकडे तुम्हाला कुणी संत मॉरीन भेटली का? मॉरीन म्हणजे त्याची आई. भावाने इथे चष्मा काढून पुसला. मी पंख्याकडे पाहिलं.

पैशांना मुदत आहे. नाताळाच्या सुमारास पौंड जाऊन युरो येणार, मग या नोटांची रद्दी. इंग्लंडमध्ये असं कधी झालंच नाही, ते सिनेमापुरतं. आपल्याकडे मात्र ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री खरंच झालं. पाचशे-हजारच्या नोटा बाद म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तूरडाळीच्या डब्यातून पाचशेच्या सात नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. वडिलांना कधी कळू न दिलेल्या. डाळीचा वास येत होता त्यांना. “बदलून आण.” मी सहज देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं, “आणि ते? ते तर पाच वर्षांपूर्वीच बाद झालंय.” आई म्हणाली, “ते पैसे नाहीत. ते देवीचं आहे.”

ते म्हणजे पुरचुंडी. १९८३ साली भावाला टायफॉईड झाला. तो चार वर्षांचा, मी सात. ताप उतरेना तेव्हा आईने तुळजापूरच्या भवानीला नवस बोलला आणि सव्वा रुपया हळदीच्या कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. पोर बरं झालं की पायावर घालायला नेऊ आणि हा सव्वा रुपया तिथे वाहू. पोर बरं झालं. जाणं राहिलं. आधी वडिलांची बदली, मग शाळा, मग लग्नं. दरवर्षी नवरात्रात आई म्हणायची, यंदा जाऊ. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि देव्हारा भावाकडे आला.

आता सांगायला हरकत नाही. त्या नवसातली पावली मी काढली होती. भाऊ तापाने फणफणत होता, घरात कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि शाळेबाहेर बर्फाचा गोळा चार आण्यांना मिळत होता. लाल. गाठ सोडली, पावली घेतली, गाठ मारली. गोळ्याने ओठ लाल झालेले कुणी पाहिलेसुद्धा नाहीत. त्या रात्री भावाचा ताप पुन्हा चढला. तो माझ्यामुळे चढला, हे मला इतकं स्पष्ट कळलं की रडूही आलं नाही. चार दिवसांनी मामा आला. जाताना त्याने खाऊला म्हणून पावली दिली. ती घेऊन मी थेट देव्हाऱ्याकडे गेले. गाठ सुटेना. मीच मारलेली, पण दगडासारखी घट्ट झालेली. देवी रागावली, दुसरं काय. शेवटी कापडाच्या चुणीतून पावली कशीबशी आत सरकवली. आठवड्याभरात भाऊ पेज खाऊ लागला.

सिनेमात संत पीटर डेमियनला पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट सांगतो. हजारो माणसं जेवली, तो चमत्कार. पण पीटरचं म्हणणं, ताट पुढे आलं की प्रत्येकाने त्यातलं काही न घेता गुपचूप आपल्याजवळची लपवलेली शिदोरी काढली. म्हणून ताट फिरून आलं तरी भरलेलंच. भाची म्हणाली, “म्हणजे फसवलंच की सगळ्यांनी!”

सिनेमा संपल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, तुळजापूरला जाऊन येऊ या का? ते आईचं राहिलंय.” आणि उठून पुरचुंडी घेऊन आला. हळदीचा रंग उडून कापड मातकट झालेलं. गाठ त्याच्याही नखांना दाद देईना. सुईने सोडवली. आतली नाणी त्याने जेवणाच्या टेबलावर ओतली. रुपया. पावली. आणि आणखी एक पावली.

“दीड रुपया आहे,” भाऊ म्हणाला. “आई तर सव्वा म्हणायची.”

“मोजायला चुकली असेल.”

“आई? पैसे मोजायला?”

मी काही बोलले नाही. भाचीने फोनवर शोधून जाहीर केलं की यातली दोन नाणी चालत नाहीत. पुढच्या मंगळवारची गाडी ठरवली आहे. दीडच्या दीड रुपया मी पुन्हा कापडात बांधला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बरी बसली, पण तिच्यासारखी नाही.