जपून ठेवलेला कागद

आज दिवाण उपसला आणि तळाशी जलरंगाचे ते पाच कागद निघाले. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शंभर टक्के कॉटन, २२ बाय ३० इंची. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नाही. दादा तेव्हाच म्हणाला होता, "साठवू नकोस गं, रंग लाव." लावला नाही. हात बसू दे, मग, म्हटलं.

आज लावला. अल्ट्रामरीन निळ्याचा साधा सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर. ब्रश टेकला तिथेच रंग शोषला गेला, पुढे सरकेचना. मध्येमध्ये कांजिण्या उठाव्यात तसे गडद ठिपके.

साइझिंग गेलं. चांगल्या कागदाला बहुतेकदा जिलेटिनचा लेप असतो. त्याच्यामुळे पाणी थोडा वेळ वरच थांबतं, रंग हलवता येतो, चुकला तर ओल्या ब्रशने उचलता येतो. दमट हवेत हा लेप खराब होतो, बुरशीला तर जिलेटिन म्हणजे खाऊच. वरून कागद पांढराशुभ्र दिसतो, ओला केल्याशिवाय काही कळत नाही. आणि मी तो चार पावसाळे बंद पिशवीत, भिंतीला लागून असलेल्या दिवाणात ठेवला. वाया जाऊ नये म्हणून.

हे 'वाया' काही डोक्यातून जात नाही. मूळ बहुतेक शाळेतल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत आहे. स्मरणचित्राचा पेपर, हातात एकच कागद, आणि पोस्टर कलरचा एक ओघळ आला की... जाऊ दे. चाळिशी उलटल्यावर एलिमेंटरीला काय दोष द्यायचा. सकाळभर मात्र दिला. स्वतःची कीव करत दोन कप चहा झाला.

मग लक्षात आलं की या कागदाला आता काहीही केलं तरी चालणार आहे. कापून आठ तुकडे केले, साडेसात बाय अकराचे.

पहिल्यावर मीठ. नेहमीच्या कागदावर मिठाची वेळ ठरलेली असते. वॉश ओलसर असतो पण वरची चमक मरायला लागते, तेव्हा टाकायचं. आधी टाकलं तर विरघळून जातं, उशिरा टाकलं तर नुसते खडे दिसतात. खडा भोवतालचं रंगीत पाणी ओढतो आणि तिथे फिकट चांदणी उमटते. इथे चमक आलीच नाही, पाणी सगळं खाली गेलेलं. मीठ बसून राहिलं, फोडणीची वाट बघत असल्यासारखं.

दुसऱ्यावर अर्धवट सुकलेल्या वॉशमध्ये स्वच्छ पाण्याचा थेंब. एरवी हा थेंब रंगाला बाहेर ढकलतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटते. या कडेला मी वर्षानुवर्षं घाबरत आले. आज मुद्दाम हवी होती तर आली नाही. नुसता मऊ, पसरट डाग.

त्या मऊपणाने मात्र डोकं चालायला लागलं. तिसरा तुकडा दोन्ही बाजूंनी भिजवला, पाणी निथळू दिलं आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन सायीएवढं दाट कालवून ८ नंबरच्या गोल ब्रशने नुसतं टेकवलं. कडा पिसासारख्या फुटल्या. पावसात भिजलेली झाडं, लांबून दिसतात तशी. साइझिंग असलेल्या कागदावर असं इतक्या सहज येत नाही. चीनमध्ये तर साइझिंग न केलेला शुआन कागद शाईसाठी मुद्दाम वापरतात, त्याला 'शेंग' म्हणजे कच्चा म्हणतात. माझा नासलेला, त्यांचा कच्चा.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. रंग सुकल्यावर खूपच फिका पडतो, त्यामुळे ओला असताना 'जास्त झाला' वाटेल इतका लावायचा. आणि इथे उचलणं नाही. टेकवलं ते राहिलं. थॅलो ब्लू तर चांगल्या कागदावरूनही धड निघत नाही, इथे तो कायमचा पाहुणा.

सहाव्या तुकड्यापर्यंत परीक्षा आठवली नाही. सातव्याला आठवली, पण तोवर ब्रश टेकला होता.

संध्याकाळी उरलेले चार तपासले. मागच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब. थेंब फुगून बसला तर कागद ठीक, लगेच झिरपून खालचा कागद पारदर्शक दिसला तर गेला. तीन गेले. त्यांतल्या एकाला पुन्हा साइझ करून बघेन. अर्धा लिटर गार पाण्यात १० ग्रॅम जिलेटिन अर्धा तास भिजवायचं, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि कोमट असतानाच रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावायचं. कितपत जमेल, बघू. सध्याच्या हवेत वाळायलाच दोन दिवस.

चौथा चांगला निघाला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला.

आणि माझ्या हातांनी तो उचलून सरळ पिशवीत घातला. पिशवी बंद करताना लक्षात आलं. परत बाहेर काढून टेबलावर ठेवलाय. अजून कापलेला नाही.