विहिरीच्या क्रेनचा दोर आणि त्याचा पीळ: माझा अनुभव

मोर्शी तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे, उन्हाळ्यात ४५ फुटाच्या विहिरीचा तळ दिसाय लागते म्हणून यंदा खोल करायला क्रेन लावली. मुरमानं भरलेली बकेट वर येताना गरगर फिरे, काठाला धडके, खाली माणसं काम करून राहिली होती, माझा जीव टांगणीला. कोणी म्हटलं हुकावर स्वीवेल, म्हणजे गरगर फिरू देणारा सांधा, लावा. लावला आणि बकेट एकदम शांत, आम्ही खूश. पण आठ दिवसांत हुकाच्या वरचा वायररोप, म्हणजे तारांचा दोर, ढिला पडला, त्याच्या लडी (तारांचे वळलेले पदर) सुट्या झाल्या, मधला सुताचा गाभा दिसाय लागला.

मामा वणीकडे खाणीत वायररोपच्याच कामावर होते, त्यांना बोलावलं. त्यांनी दोरावर खडूनं सरळ रेघ ओढली, म्हणे आता भरून उचल. रेघ वेलासारखी दोराभोवती गुंडाळली ना!

"पोयाला अंबाडीचा दोर वळतो ना आपण? टोक सोडलं का उलटा सुटते, तसंच हे बाप्पा."

आमचा दोर ६×१९ चा, म्हणजे ६ लडी आणि एकेका लडीत १९ तारा. सगळ्या लडी एकाच बाजूनं वळलेल्या, वजन आलं की त्या उलगडायला पाहतात, लडीतल्या तारा उलट वळलेल्या असतात त्या थोडं अडवतात पण पुरत नाही, म्हणून बकेट फिरते. स्वीवेल लावला तर बकेट नाही फिरत, दोरच फिरते, दर खेपेला पीळ सुटते, लडींवर भार कमीजास्त होते आणि ताकद घटते. म्हणजे आम्ही दिसणारा धोका झाकून न दिसणारा घेतला होता, तेही खाली माणसं असताना.

मग १९×७ चा नॉन-रोटेटिंग, म्हणजे वजनाखाली कमी फिरणारा, दोर आणला, महाग आहे, पण त्यात आतल्या लडींचा पीळ बाहेरच्यांच्या उलट, दोघं एकमेकांना धरून ठेवतात. मी आडव्या ठेवलेल्या बंडलातून टोक ओढाय लागलो तर मामा ओरडलेच, असा एकेक वेढा ओढला की एकेक पीळ आत जाते अन् गाठ बसली का तो दोर गेला, बंडल चाकासारखं गडगडवत सोडायचं. कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी बाइंडिंग तार घट्ट गुंडाळून घेतली, मगच ग्राइंडर.

आता बकेट अर्धा फेरा मारून थांबते, तेवढ्यालाही खालून सुतळीचा दोर धरून ठेवतो. जुना वायररोप शेजारचे भाऊ त्यांच्या विहिरीसाठी मागत होते. नाही दिला, हात-हात भराचे तुकडे करून टाकले.