संगणकाने आखलेला गुडघा

"रोबोट करणार म्हणे तुमचं ऑपरेशन?" शेजारणींचा हा प्रश्न ऐकून ऐकून मी थकले. सुरी सर्जनच्याच हाती असते. मला कौतुक वाटलं ते सुरीच्या आधीच्या चर्चेचं.

माझ्या उजव्या गुडघ्याची आतली बाजू पार झिजली होती, बाहेरची बरी होती. त्यामुळे पेच होता, अर्धाच सांधा बदलायचा की पूर्ण? पुण्यातले आमचे डॉक्टर अर्ध्याच्या बाजूने होते. मग खुबा, गुडघा आणि घोटा यांचा सीटी स्कॅन झाला. त्यावरून संगणकाने माझ्या हाडांची त्रिमितीय प्रतिमा तयार केली, आणि तीच फाइल मुंबईतल्या एका ज्येष्ठ सर्जननी आपल्या स्क्रीनवर उघडली. ते म्हणाले, वाटीमागेही झीज आहे, अर्ध्याने भागणार नाही. आमच्या डॉक्टरांनी प्रतिमा फिरवून फिरवून पाहिली आणि मान्य केलं. मी समोरच बसले होते. माझ्या देखत दोन डॉक्टरांचं दुमत झालं, याने उलट मला धीरच आला.

पुढचा वाद माझ्या वाकड्या पायाचा. संगणकाने खुबा ते घोटा अशी सरळ रेषा धरून हाडं कुठे कापायची ते सुचवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमचा पाय मुळातच जरा धनुष्यासारखा आहे. अगदी सरळ केला तर बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारे लिगामेंट, उगीच ताणले जातील." त्यांनी आराखड्यात थोडा बाक राहू दिला.

स्कॅनमध्ये हाड दिसतं, अस्थिबंधाचा ताण कळत नाही. तो टेबलावरच मोजतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणा लावतात. कॅमेरा त्या टिपतो, डॉक्टर पाय वाकवून पाहतात आणि सांध्यातली फट मिलिमीटरमध्ये समोर येते. माझ्या वेळी तिथेही आराखडा किंचित बदलला, असं नंतर कळलं. करवत आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की रोबोट तिला अडवतो. पिनांचे वण नडगीवर अजून आहेत.

पैशांचं आधीच विचारून घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, पण रोबोटचं शुल्क वेगळं लागतं. रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही, मात्र कंपनी रकमेला मर्यादा घालू शकते. आमच्या पॉलिसीत ती होतीच. वरचे पैसे मुलाने भरले.

फिजिओच्या बाईंना मात्र कुठल्याच स्क्रीनशी घेणंदेणं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वॉकर हातात दिला. सदाशिव पेठेत आमच्या इमारतीला लिफ्ट नाही म्हटल्यावर जिन्याचा नियम घोकूनच घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.