मोशी ते चाकण: शहराची कड टिपताना

पुण्याजवळ मोशी ते चाकण या पट्ट्यात शहराची बदलती कड फोटोंत टिपायची असेल, तर गुरुवारी जाऊ नका. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. कंपन्यांच्या बस नसतात, पाळी सुटतानाची गर्दीही नसते. आम्ही जानेवारीतला शनिवार धरला, कारण त्या दिवशी चाकणचा बाजार असतो. कांद्याच्या गोण्यांनी भरलेले पिकअप आणि नव्या गाड्या वाहणारे ट्रेलर एकाच चौकटीत मिळतात.

मेट्रोने नाशिक फाटा, पुढे भोसरीहून बस. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा पावणेसातला मोशीत इंद्रायणीवर पोहोचलेलं बरं. नदी पूर्वेला आळंदीकडे वाहते, त्यामुळे पहिलं ऊन पाण्यावरून थेट समोर येतं. पुलावर ट्रायपॉड लावून उपयोग नाही. अवजड गाडी गेली की पूल थरथरतो आणि एक सेकंदाचा शॉट हलतो. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० करून शटर १/२५० सेकंदाने हातातच घ्या, नाहीतर खाली काठावर उतरा.

खरा ऐवज चिंबळी फाटा ते कुरुळी या टप्प्यात आहे. धुराडी आणि चकचकीत गेट कोणीही काढतो; बदल दिसतो तो बांधावर. कांद्याचा वाफा जिथे संपतो तिथून दोन हातांवर सिमेंटच्या तयार फळ्यांचं कुंपण, त्यावर रंग उडालेली पाटी: गट नंबर आणि ‘सदर जागा विकणे नाही’. अशा ठिकाणी ३५ एमएमची लेन्स, एफ/८ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट), आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. वाफा, पाटी आणि मागचं पत्र्याचं गोदाम, तिन्ही वाचता आली पाहिजेत.

साडेनऊनंतर लांब पल्ल्याची लेन्स बॅगेत ठेवा. तापलेल्या डांबरावरची हवा लवलवते आणि २०० एमएमवर कडा मऊ पडतात. दोष फोकसचा नसतो. आरएमसी प्लांटच्या (तयार काँक्रीट बनवणारा कारखाना) आसपास लेन्स बदलू नका, सिमेंटची धूळ सेन्सरवर चिकटते. संध्याकाळी सोडियम आणि एलईडीचा उजेड मिसळतो, म्हणून रॉ फाइलच घ्या, तिच्यात रंग नंतर सुधारता येतात.

प्रत्येक जागेची नोंद ठेवा: जीपीएस, लेन्स, कॅमेऱ्याची उंची, तारीख, आणि न हलणारी एक खूण. विजेचा खांब नको, रुंदीकरणात तोच आधी जातो. मागची टेकडी धरा. सहा महिन्यांनी त्याच जागी परत या. चिखलीतल्या कुदळवाडीची भंगार गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडली. ज्यांच्याकडे आधीचे फोटो नाहीत, त्यांना आता ते मिळणार नाहीत.

सार्वजनिक रस्त्यावरूनच काढा, आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारा. दिघीकडे संरक्षण खात्याच्या भिंती लागतात, तिथे कॅमेरा बाहेरही काढू नका. लोहगाव हवाई दलाचा तळ असल्याने ड्रोन न्यायचा तर आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा पाहा. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी धरून परतीला तासभर जास्त ठेवा.